बाराव्या माणसाचं हेल्मेट

खेळाडूला मार लागला की सगळ्यात आधी काय करायचं, असं मला कोणी विचारलं, तर माझं उत्तर ऐकून लोक हसतात. बर्फ नाही, पट्टी नाही, स्प्रे तर नाहीच. तो आपल्या पायांनी बाकापर्यंत आला की आधी त्याचं हेल्मेट काढून घ्यायचं, बाकाखाली सरकवायचं आणि त्याच्यापुढे आपण पाय पसरून बसायचं. हेल्मेट त्याच्या हातात राहिलं, तर तुम्ही कात्री शोधायला पिशवीत डोकं घालताच तो परत मैदानात गेलेला असतो. असे कितीतरी पळपुटे मी पकडलेत. फक्त माझे पळपुटे लढाईतून पळत नसत, लढाईकडे पळत.

मी मूळची नागपूरची. तिथे फिजिओथेरपी शिकले, नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीमागून कॅनडात आले, इथल्या परीक्षा पुन्हा दिल्या आणि टोरंटोच्या पश्चिमेला, एटोबिकोत, एका कॉलेजच्या फुटबॉल टीमची थेरपिस्ट झाले. आडनाव पांढरीपांडे. ते एकाही कॅनडियन जिभेला पेललं नाही, त्यामुळे निवृत्त होईपर्यंत मी 'मिस पी' होते. दोन मुलांच्या मधे उभी राहिले तर मी दिसायचे नाही, पण माझी हाक मात्र सगळ्या मैदानाला ऐकू जायची.

इथलं फुटबॉल म्हणजे आपलं पायांनी खेळायचं नव्हे. लंबगोल चेंडू हातात घेऊन पळायचं किंवा तो आपल्या माणसाकडे फेकायचा, आणि समोरच्यांनी अंगावर येऊन पाडायचं. पाडलं की एक डाव संपला, मग सगळे पुन्हा समोरासमोर ओळी धरून उभे राहतात. फेकणाऱ्याला क्वार्टरबॅक म्हणतात. सगळा खेळ त्याच्या डोक्यावर चालतो आणि सगळे त्याच डोक्यावर चालून येतात. अमेरिकेत एका बाजूला अकरा खेळाडू असतात. कॅनडात मैदान मोठं, म्हणून बारा. एका माणसाचा हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लोकांना वाटतं थेरपिस्ट म्हणजे पाय चेपणारी बाई. माझं निम्मं काम टेप गुंडाळण्याचं होतं. सामन्याआधी घोटे आणि मनगटं टेपनं घट्ट बांधायची, रांगेनं, न थांबता. आणि प्रत्येकाचे नखरे वेगळे. एकाला आधी डावाच पाय हवा, चुकून उजवा धरला तर तो रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभा राहायचा. दुसरा, बैलासारखा दणकट गडी, टेप लावताना आईला फोन लावायचा आणि ती पलीकडून काहीतरी पुटपुटत राहायची. ती प्रार्थना म्हणते की किराण्याची यादी वाचते ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

उरलेलं निम्मं काम डोक्यांचं. मोसमाच्या आधी प्रत्येकाची कॉम्प्युटरवर एक परीक्षा घेतात. शब्द लक्षात ठेवा, आकडे उलटे सांगा, चौकोन जुळवा. पुढे डोक्याला मार बसला की तीच परीक्षा पुन्हा घ्यायची आणि गुण घसरलेत का ते पाहायचं. पोरं भारी बिलंदर. पहिली परीक्षा ती मुद्दाम वाईट देतात, म्हणजे मेंदूला मुका मार लागल्यावरही दुसऱ्यांदा तेवढेच गुण पडतात आणि थेरपिस्टला धरायला काही सापडत नाही. इंजिनीअरिंग शिकणाऱ्या पोरांना त्या परीक्षेत गाढवासारखे गुण पडलेले मी पाहिलेत. आधी हसू येई. पुढे येईनासं झालं.

२०१७ साली आमचा क्वार्टरबॅक होता डेव्हन. जमैकाहून आलेल्या आईचा एकुलता एक मुलगा, एटोबिकोतच वाढलेला. आई विमानतळावर, विमानात चढवायचं जेवण भरायच्या कामाला. डेव्हनचं कॉलेजचं ते शेवटचं वर्ष. तो मोसम चांगला गेला तर एखादा व्यावसायिक संघ त्याला उचलणार, असं कोच सगळ्यांना सांगायचे. नाही गेला, तर पुन्हा संधी नव्हती. हे त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि पहिल्या परीक्षेत त्याला पडलेले गुणही मी पाहिले होते. सामान्य मुलाला पडतात त्यापेक्षा बरेच कमी. मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "मिस पी, मी तेवढाच हुशार आहे. कान्ट हेल्प इट."

त्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी, खरा मोसम सुरू व्हायच्या आधी, आमच्याशी मैत्रीचा सामना खेळायला अमेरिकेच्या दक्षिणेकडून एक कॉलेज आलं. तिथे एके काळी काळ्या मुलांना इतर कॉलेजांत प्रवेशच नव्हता, तेव्हा त्यांच्यासाठी जी कॉलेजं उभी राहिली, त्यांतलं ते एक. आमच्या टीममधल्या काळ्या पोरांना आठवडाभर झोप नव्हती. डेव्हनच्या आईनं रजा घेतली. "या लोकांसमोर मला वाईट खेळून चालणार नाही," डेव्हन मला घोटे बांधून घेताना म्हणाला. हा त्याच्यासाठी साधा सराव सामना नव्हता.

आमचं मैदान विमानतळाच्या जवळ. उतरणारी विमानं अगदी डोक्यावरून जातात. आधी त्यांची सावली गवतावरून सरकते, मग आवाज येतो. सवय झालेली माणसं सावली दिसली की बोलायची थांबतात. त्या दिवशी भर दुपारचं कडक ऊन होतं, आणि पाहुणे बसमधून उतरले ते एक अक्षर न बोलता. मी कितीतरी टीम उतरताना पाहिल्यात, पोरं स्पीकर लावून, नाचत, शिव्या देत उतरतात. ही पोरं देवळातून निघाल्यासारखी उतरली. त्यांच्या प्रसिद्ध बँडमधले फक्त ढोलवाले बरोबर आले होते. राष्ट्रगीताला सगळे ओळीनं उभे राहिले, एकमेकांपासून हातभर अंतरावर. ओळीत एका ठिकाणी मात्र दोन माणसांचं अंतर सोडलेलं होतं. मला वाटलं कोणीतरी वॉशरूमला गेलं असेल.

सामन्याआधी दोन्हीकडचे थेरपिस्ट भेटतात. ॲम्ब्युलन्स कुठे उभी आहे, खुणा कोणत्या करायच्या, हे ठरवतात. त्यांचे थेरपिस्ट मिस्टर एलिस, साठीच्या पुढचे, उंच, हळू बोलणारे. एवढ्या उन्हात अंगात जाकीट आणि उजवा हात सतत जाकिटाच्या खिशात. मला म्हणाले, "मॅम, तुम्ही हेल्मेट काढून घेता का?"

"घेते, आणि वर पहारा देते," मी म्हटलं. हे ऐकून आजवर प्रत्येक थेरपिस्ट हसलाय. ते हसले नाहीत. "गुड," म्हणाले. "कधीच परत देऊ नका." आणि वळून आपल्या बाकाकडे गेले.

सामना सुरू झाला. चेंडू आमच्याकडे होता. पाहुणे बचावाला उभे राहिले आणि आमच्या बाकावर एकदम हशा पिकला. ते अकराच होते. उजव्या हाताला एका माणसाची जागा मोकळी. "घरी अकरा खेळतात ना, बारावा विसरले," कोणीतरी म्हणालं, आणि मीही हसले. डेव्हननं चेंडू सरळ त्या मोकळ्या जागेत टाकला. आमचा माणूस तो घेऊन लांबवर पळाला. पुढच्या डावाला पाहुण्यांचा बारावा खेळाडू गुपचूप आत आला आणि सामना नेहमीसारखा चालू लागला. त्यांच्या बाकावर मात्र कोणी कोणाला चुकीबद्दल ओरडलं नाही. ते मला त्याच वेळी खटकलं होतं.

मध्यंतराच्या थोडं आधी डेव्हन चार-पाच जणांच्या ढिगाखाली गेला. उठला, धूळ झटकली, हात वर केला. पण उठताना त्यानं एकदा आपल्या हातांकडे पाहिलं, ते माझ्या मनात राहिलं. मध्यंतरात मी त्याला आत नेलं. कॉम्प्युटरची परीक्षा दिली, पास. तोल, डोळे, आकडे, महिने उलटे, सगळं पास. वर मला म्हणतो, "आय ॲम गुड, मिस पी. आता तुमची परीक्षा घेऊ?" कोच दारात उभे. "काही सापडलं का?" सापडलं काहीच नव्हतं. त्या पहिल्या परीक्षेच्या गुणांवर माझा विश्वास नव्हता, पण अविश्वास दाखवून कोणाचं हेल्मेट काढून घेता येत नाही. मी म्हटलं, "एक डाव पाहते. जरा जरी वेगळं वाटलं तरी बाहेर काढीन."

दुसऱ्या अर्ध्याचा पहिला डाव. चेंडू पुन्हा आमचा. पाहुणे उभे राहिले आणि पुन्हा अकराच. तीच जागा मोकळी. या वेळी बाकावर कोणी हसलं नाही. त्यांचे ढोल थांबले होते. त्यांची सगळी पोरं त्या जागेकडे न पाहता उभी होती, मुद्दाम न पाहता. एका विमानाची सावली गवतावरून सरकत आली आणि सगळं मैदान गप्प झालं.

डेव्हनच्या हातात चेंडू आला. आमचा माणूस त्याच मोकळ्या जागेत एकटा उभा, हात हलवतोय. कोच ओरडतायत, "थ्रो इट! थ्रो इट!" डेव्हननं फेकण्यासाठी हात मागे नेला आणि तसाच थांबला. मग हात खाली आणला, चेंडू गवतावर ठेवला, अगदी हळूच, आणि गुडघ्यांवर बसला. त्याला कोणी हातही लावला नव्हता.

पंचांनी वेळ थांबवली. मी पिशवी घेऊन पळाले. पाहुणे एका गुडघ्यावर बसले होते. कोणी जखमी झालं की दोन्हीकडची पोरं तशी बसतात. डेव्हननं स्वतःच हेल्मेट काढून छातीशी धरलं होतं. मान दुखत नव्हती, हातपाय हलत होते. कोच माझ्या मागून धापा टाकत आले. "सगळी बाजू रिकामी होती, सन! का नाही टाकलास?"

"तिथे माणूस होता, कोच," डेव्हन म्हणाला.

मी त्याच्यासमोर बसले. "डेव्हन, समोर किती जण आहेत, मोज."

त्यानं नीट बोट फिरवत मोजले. "बारा."

मी मोजले. अकरा. कोचनीही मोजले असावेत, कारण त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वाद घालायचा सोडून दिला. डोक्याला मार बसलेल्याला एकाचे दोन दिसतात, दिवे दिसतात, हे मी शिकलेलं आणि शिकवलेलं. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. "संपलं," मी म्हटलं. "हेल्मेट दे."

"आधी त्याचं घ्या."

"कोणाचं?"

"त्याचं." त्यानं मोकळ्या जागेकडे पाहिलं. "केव्हाचा हेल्मेट पुढे धरून उभा आहे. तुमच्याकडे बघतोय, मिस पी. कोणीच घेत नाहीये."

मी भित्री बाई नाही. नागपूरला मेडिकलच्या शवागारासमोर बसून डबा खाल्लाय. पण डेव्हनचा आवाज मार लागलेल्या मुलासारखा नव्हता. त्याला त्या कोणाची तरी दया येत होती. मी हेल्मेट ओढून बघितलं, त्यानं आणखी घट्ट धरलं. डोक्याला मार बसलेल्याशी झटापट करता येत नाही. कोच म्हणाले, "मिस पी, डू समथिंग." स्टँडमधून त्याची आई खाली येत होती.

"कसा आहे तो?" मी विचारलं.

"त्यांच्या पांढऱ्या जर्सीत. मनगटाला टेप. तुमच्यासारखी पांढरी नाही, पिवळी."

मी उठले. पाहुण्यांच्या गुडघ्यांवर बसलेल्या ओळीतून त्या मोकळ्या जागेपर्यंत गेले. एवढ्या माणसांसमोर असा वेडेपणा मी पुन्हा कधी केला नाही. डेव्हनकडे मागे वळून पाहिलं, त्यानं मान हलवली, थोडं डावीकडे. मी डावीकडे सरकले आणि लहान बाळ घेताना करतो तसे दोन्ही हात पुढे केले. मग ते तसेच जवळ घेतले आणि परत वळले. पाहुण्यांपैकी एक मुलगा माझ्याकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. का, ते मला तेव्हा कळायचं कारण नव्हतं.

डेव्हननं आपलं हेल्मेट माझ्या काखेत सरकवलं. "थँक यू," म्हणाला. आणि मग त्यानं उलटी केली.

डेव्हनचं आधी सांगून टाकते. आई त्याच्याबरोबर ॲम्ब्युलन्समध्ये गेली. मला टीम सोडता येत नव्हती. हॉस्पिटलमध्ये कळलं की डोक्यात थोडा रक्तस्राव झालाय. आणखी एक धक्का बसला असता तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनी त्याच्या आईला सांगितलं आणि तिनं मला फोनवर सांगायला सुरुवात केली आणि मधेच फोन डॉक्टरांच्या हातात दिला. तो बरा झाला, पण त्या मोसमात आणि नंतरही खेळला नाही. त्याच्याविना आम्ही सपाटून हरलो. त्या दुपारचं त्याला आजही काही आठवत नाही. सामना नाही, बारा माणसं नाहीत, मी नाही. कितीतरी महिने तो माझ्याशी बोलला नाही, कारण त्याच्या आठवणीत तो सामन्याआधी धडधाकट जेवायला बसला होता आणि मी त्याचा मोसम हिसकावून घेतला होता. मला ते लागलं, खोटं कशाला बोलू. आता तो एका शाळेत मुलांना हेच फुटबॉल शिकवतो. मागच्या हिवाळ्यात आमच्या ड्राइव्ह-वेवरचा बर्फ शोव्हल करून गेला, न सांगता.

सामना संपला तेव्हा ऊन अजून होतं. मी सामान आवरत होते. तेवढ्यात नवऱ्याचा फोन. "अगं, त्या मैदानात काय करून राहिली होती तू? पोरीला कोणीतरी व्हिडिओ पाठवला. शी सेज, आई इज डान्सिंग." मी म्हटलं, "घरी येऊन सांगते." आणि वर पाहिलं तर समोर मिस्टर एलिस. त्यांची पोरं बसमध्ये चढत होती.

"मॅम," ते म्हणाले, "तुम्ही तिथे कोणाकडून तरी काहीतरी घेतलंत. मी समोरून पाहिलं."

मी सांगितलं. आमच्या मुलाच्या डोक्यात गडबड झाली होती, त्याला कोणीतरी दिसत होतं, त्याची समजूत काढायला मी तसं केलं. ते ऐकत होते. मी हेल्मेटचं सांगितलं. मग पिवळ्या टेपचं सांगितलं.

त्यांनी उजवा हात खिशातून बाहेर काढला. हातात पिवळ्या टेपचं अर्धं संपलेलं रीळ होतं.

"ही मी एकाच मुलासाठी आणायचो," ते म्हणाले. "पांढरी त्याला आवडायची नाही." मागच्या मोसमात तो मुलगा मार खाऊन बाकाकडे आला होता. कोणी न मागता त्यानं स्वतःच हेल्मेट काढून मिस्टर एलिसपुढे धरलं होतं. "मी त्याला प्रश्न विचारले. सगळी उत्तरं बरोबर. टेस्ट पास. सामना हातातून चालला होता. मी ते हेल्मेट त्याच्या हातातून घेतलंच नाही, मॅम. खांद्यावर थाप मारून परत पाठवलं." पुढचा धक्का त्याचा शेवटचा ठरला. या वर्षी टीमनं ठरवलं होतं की प्रत्येक अर्ध्यात बचावाला पहिल्यांदा उतरताना त्याची जागा मोकळी ठेवायची. आणि आम्ही त्यावर हसलो होतो.

"तो आमच्या बाकाकडे बघत होता का?" त्यांनी विचारलं. "एकदा तरी?"

"माझ्याकडे बघत होता, असं डेव्हन म्हणाला," मी म्हटलं. त्यांना बरं वाटावं म्हणूनही यात मला काही बदलता आलं नाही.

ते मान हलवत राहिले. मग अगदी हळू विचारलं, "जड होतं का?"

खरं काय ते इथे लिहिते. माझ्या हातांना काहीही लागलं नव्हतं. ना वजन, ना गारवा. पण त्या जागेपासून बाकापर्यंत येताना मला हात खाली सोडवले नाहीत. डेव्हनचं हेल्मेट काखेत आणि दोन्ही हात तसेच पुढे, अशी मी चालत आले. बाकाजवळ वाकून आधी ते ठेवलं, जे काही होतं ते, आणि त्याच्या शेजारी डेव्हनचं. उरलेला सामना मी त्या दोन्हींपुढे पाय पसरून बसले होते.

"हो," मी म्हटलं. "जड होतं. पण आता ते माझ्याकडे आहे, मिस्टर एलिस. मी ते त्याला परत देणार नाही."

त्यांच्या बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. एका विमानाची सावली आमच्या दोघांवरून गेली, मागून आवाज आला आणि सरला. मग त्यांनी ते पिवळं रीळ माझ्या तळहातावर ठेवलं, माझी बोटं त्यावर मिटवली, आणि दोन्ही हात मोकळे सोडून बसकडे चालत गेले.